पोम्पेईच्या पुरातत्त्वज्ञांनो, उरलेलं शहर सध्या मातीखालीच राहू द्या

पोम्पेई, हर्क्युलेनियम आणि स्टाबिये इथे काम करणाऱ्या सगळ्या पुरातत्त्वज्ञांना, संवर्धकांना, गवंड्यांना आणि पोम्पेई आर्किऑलॉजिकल पार्कच्या संचालकांना,

सप्रेम नमस्कार.

डायरेक्ट मुद्द्यावर येते. पोम्पेईच्या तटबंदीच्या आत साधारण ६६ हेक्टर जागा आहे आणि त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून कोणी खणलेलाच नाहीये, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीने हे रोमन शहर गाडलं तेव्हा जसा झाकला तसाच तो आजही खाली आहे, वर गवत आणि माती. तुमचा कुठलाही व्हिडिओ आला, मग ती २०२४ मधली हेलन आणि पॅरिसची चित्रं असलेली काळ्या भिंतींची खोली असो नाहीतर २०२५ च्या सुरुवातीचं ते मोठं खाजगी स्नानगृह असो, की लोक लगेच विचारतात बाकीचं कधी काढणार, इतकी वर्षं काय करताय. हे प्रेशर तुमच्यावर किती असेल याची कल्पना आहे, मिनिस्ट्री, मीडिया, टुरिझमवाले सगळ्यांना नवीन काहीतरी हवं असतं. म्हणून मुद्दाम लिहितेय. आमच्यात थांबायला तयार असलेले लोकही आहेत. उरलेलं शहर तसंच ठेवा. आमच्या हयातीत नाही दिसलं तरी चालेल.

हे मी उगाच मोठेपणा म्हणून लिहीत नाहीये. मलाही बघायचंच आहे, खूप बघायचंय. पण तुमच्याच आधीच्या पावणेतीनशे वर्षांचा इतिहास वाचला की घाईची किंमत काय असते ते कळतं.

१७३८ मध्ये नेपल्सच्या राजाने, चार्ल्सने, त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये खोदकाम सुरू केलं आणि ते काम दिलं रोके होआकिन दे अल्कुबिएरे नावाच्या लष्करी इंजिनियरला. तिथे वीस मीटरच्या वर घट्ट दगड झालेला थर, त्यातून खाणीसारखे बोगदे काढायचे, कामाला कैदी लावायचे, पुतळा सापडला की वर काढायचा, भिंतीवरचं चांगलं चित्र कापून फ्रेममध्ये घालायचं आणि राजवाड्यात पाठवायचं. जी चित्रं न्यायच्या लायकीची वाटली नाहीत त्यातली काही तर फोडून टाकली, दुसऱ्या कोणाला मिळू नयेत म्हणून! १७६२ मध्ये विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने या सगळ्यावर एक खुलं पत्रच छापलं होतं, त्यात त्याने सांगितलंय की एका शिलालेखाची ब्राँझची अक्षरं कामगारांनी भिंतीवरून उचकटली, टोपलीत भरली आणि राजाकडे पाठवली, पण त्याआधी ती कुठल्या क्रमाने होती हे कोणी उतरवूनच घेतलं नव्हतं. टोपलीभर अक्षरं हातात आहेत आणि वाक्य गेलं ते गेलंच. तुमच्या कामाबद्दल खुलं पत्र लिहिणारी मी पहिली नाही, आणि त्याची तक्रार अगदी खरी होती.

त्याच काळात अल्कुबिएरेच्या हाताखाली कार्ल वेबर नावाचा स्विस इंजिनियर होता. हा माणूस त्या अंधाऱ्या बोगद्यांत उतरून कुठली भिंत कुठे जाते, कुठला पुतळा कुठल्या खोलीत मिळाला हे सगळं नकाशावर काढत बसायचा, आणि वरिष्ठांना वाटायचं हा वेळ घालवतोय. आज पपायरसच्या, म्हणजे तेव्हाच्या कागदाच्या, लिहिलेल्या गुंडाळ्या जिथे सापडल्या तो व्हिला (मोठी हवेली) बहुतांश जमिनीखालीच आहे आणि आपल्याला तो कसा होता हे माहिती आहे ते मुख्यतः वेबरच्या नकाशामुळे. तुम्हा सगळ्यांचा खरा पूर्वज मी त्याला मानते.

त्या गुंडाळ्यांचंच बघा ना. जळून कोळसा झालेल्या, हात लावला की चुरा. अठराव्या शतकात त्यात काय लिहिलंय बघायची इतकी घाई की काही उभ्या चिरल्या, काही सोलल्या, पुष्कळ वाया गेल्या. मग व्हॅटिकनमधून अंतोनियो पियाज्यो नावाचे पाद्री आले, त्यांनी दोऱ्यांवर टांगून इंच इंच उलगडायचं यंत्र बनवलं, तेही भयंकर हळू. आणि ज्या गुंडाळ्या कोणालाच जमल्या नाहीत म्हणून कपाटात तशाच राहिल्या त्या आता न उघडता स्कॅन करून वाचता येतायत, २०२३ मध्ये त्यातून 'जांभळा' हा पहिला शब्द निघाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन तरुणांच्या टीमने एका गुंडाळीतले दोन हजारांवर अक्षरांचे उतारे वाचल्याचं जाहीर झालं. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी कोणाला तरी जमलं नाही, हे आपल्यावर केवढे उपकार झाले.

असंच प्रत्येक बाबतीत झालंय. जुसेप्पे फिओरेल्ली १८६३ मध्ये पोम्पेईच्या खोदकामाचे प्रमुख झाले, त्यांनी मृतदेहांच्या पोकळीत प्लास्टर ओतायची पद्धत सुरू केली आणि शेवटच्या क्षणाची माणसं आपल्यासमोर आली, पण त्यांच्या आधी शंभर वर्षं अशा किती पोकळ्या फावड्याखाली गेल्या असतील कोणाला पत्ता नाही. बागांचं तेच. विल्हेल्मिना जाशेम्स्की या अमेरिकन बाईंनी १९६० च्या दशकापासून पोम्पेईतल्या मुळांच्या पोकळ्या भरून कुठलं झाड कुठे होतं ते शोधलं आणि ज्याला सगळे गुरांचा बाजार म्हणत होते ती जागा द्राक्षांचा मळा निघाली. त्यांच्या आधी बाग म्हणजे घरापर्यंत पोहोचायच्या आधीची नुसती माती. आणि २०२४ मध्ये अशाच पद्धतीने केलेल्या प्लास्टरमधल्या हाडांचा डीएनए तपासला तर सोन्याचं कडं घातलेली जी 'आई' मांडीवर मूल घेऊन बसलीये असं सगळे धरून चालले होते तो निघाला पुरुष, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नाही. फिओरेल्लींना डीएनए माहिती असायचं काही कारणच नव्हतं. तसंच आज तुम्हाला जे माहिती नाही ते साठ वर्षांनी कोणाला तरी माहिती असेल, आणि तिला काम करायला न खणलेली माती लागेल.

अजून एकच उदाहरण देते, कारण ते मला फार आवडतं. २०१८ मध्ये पोम्पेईच्या रेजिओ ५ मधल्या, म्हणजे पाचव्या विभागातल्या, एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली ओळ सापडली, त्यात तारीख होती १७ ऑक्टोबरची, आणि त्यामुळे उद्रेक २४ ऑगस्टला झाला की शरद ऋतूत यावर नव्याने चर्चा सुरू झाली. कोळशाची ओळ! ओल्या फडक्याने पुसली तरी जाईल. राजाच्या काळात त्या भिंतीपर्यंत कोणी पोहोचलं असतं तर ती कोणाच्या लक्षातही आली नसती.

मला माहितीये तुमच्यातले काही जण म्हणतील की बाई, खणायचं नाही म्हणणं सोपं आहे, पण रेजिओ ५ चं खोदकाम हौसेने झालं नव्हतं. मान्य आहे. जिथे खणलेला भाग संपतो आणि न खणलेला सुरू होतो तिथे मातीची उंच कड उभी असते, पाऊस पडला की ती पाण्याने जड होते आणि समोरच्या भिंतींवर ढकलते. ६ नोव्हेंबर २०१० ला पोम्पेईतली स्कोला आर्मातुरारुम ही इमारत कोसळली त्यात जोराच्या पावसाचा आणि त्या पाण्याचा हात होता. तर ती कड उतरती करायची, पाणी वळवायचं, त्यासाठी जेवढं खणावं लागेल तेवढं खणा, त्यातूनच ते खाण्यापिण्याचं दुकान निघालं, काउंटरवर बदकांची आणि कोंबड्याची चित्रं असलेलं, जे २०२० च्या डिसेंबरमध्ये जगभर गाजलं. पोम्पेईच्या तटाबाहेरच्या चिविता जुलियाना या जागेचंही तसंच, तिथे चोरांनी बोगदे पोखरले होते आणि २०२१ मध्ये जो मिरवणुकीचा रथ सापडला त्याच्या अगदी जवळून त्यांचे बोगदे गेले होते. तिथे वाट बघणं म्हणजे चोरांना देऊन टाकणं. माझा आक्षेप त्या खोदकामाला नाहीये. फक्त 'बघूया काय निघतं' म्हणून जे खणलं जातं त्याबद्दल मी बोलतेय.

कारण उघडं पडलेलं शहर सांभाळणं हे खणण्याच्या कितीतरी पट अवघड आहे. चार ते सहा मीटर राख आणि प्युमिसखाली (ज्वालामुखीचे हलके, सच्छिद्र खडे) जे अठराशे वर्षं ठीक राहिलं ते उन्हापावसात आलं की लगेच म्हातारं व्हायला लागतं, भिंतीत ओल चढते, लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात, मोझॅकच्या फटीतून गवत येतं, कबुतरं, पर्यटकांचे बूट, सगळंच. आमच्याकडे कोकणात पावसाळ्याच्या आधी घराची कौलं चाळतात, फुटकी काढून नवी बसवतात, त्याचं कोणी कौतुक करत नाही पण दोन वर्षं चुकवली की वासे कुजायला लागतात, तुमच्याकडे अख्ख्या शहराची कौलं चाळायची आहेत आणि तीही कायम, दरवर्षी.

अमेदेओ माइउरी यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे आणि थोडं दुःखही. १९२४ ते १९६१, एवढी वर्षं एका माणसाने पोम्पेई सांभाळलं. १९२७ पासून हर्क्युलेनियम बोगद्यांतून न खणता वरून मोकळं करत नेलं आणि लगेच घरांवर छपरं घातली, जळकी लाकडं जागच्या जागी ठेवली, म्हणून आज तिथे रस्त्यावर उभं राहिलं की घर घरासारखं दिसतं. १९४३ मध्ये पोम्पेईवर दीडशेच्या वर बॉम्ब पडले, त्या हल्ल्यांत माइउरींच्या पायाला इजा झाली, आणि तरी युद्धानंतर त्यांनी मोडलेलं सगळं पुन्हा उभारायला घेतलं. पण त्या वेळी सर्वांना वाटायचं तसं त्यांनाही वाटलं की सिमेंट काँक्रीट आणि लोखंड म्हणजे कायमचं काम. लोखंड गंजलं की फुगतं आणि जुनी भिंत आतून तडकवते, जड काँक्रीटचं छप्पर हलक्या रोमन भिंतींना पेलत नाही, स्कोला आर्मातुरारुमच्या गोष्टीत हेही होतं. चित्रांवर मेण लावलं, तेव्हा ती चमकली आणि मग पिवळी पडली, व्हिला ऑफ मिस्टरीजच्या भिंतींवरचे ते थर काढायला २०१५ पर्यंत तुम्हाला लेसर घेऊन बसावं लागलं. आणि १९५० च्या दशकात पोम्पेईत जे झपाट्याने खणलं गेलं त्यातलं बरंच नीट छापलंही गेलं नाही आणि नीट दुरुस्तही झालं नाही. हे मी त्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. एवढा मोठा, एवढा प्रेमाने काम करणारा माणूस जर घाईत इतकं मागे ठेवून जातो तर बाकीच्यांचं काय, इतकंच.

म्हणून मला तुमच्या कामातलं सगळ्यात मोठं काम कुठलं वाटतं सांगू का? हर्क्युलेनियमची गटारं. २००१ मध्ये डेव्हिड पॅकार्ड यांच्या संस्थेने पैसे दिले, ब्रिटिश स्कूल अ‍ॅट रोमचे अँड्र्यू वॉलेस-हॅड्रिल आणि इटलीचे अधिकारी, संवर्धक असे सगळे एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं की आधी गळणारी छपरं, आधी पाण्याचा निचरा. दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन गटारं साफ करून पुन्हा वापरात आणली, कारण त्या लोकांनी उतार बरोबरच काढले होते. आता गंमत अशी की नवीन काही शोधायचं नव्हतं तरी सापडलं, कार्डो ५ या रस्त्याखालच्या गटारातून सातशेच्या वर पोती मळ निघाला, त्यात माशांची हाडं, अंजिराच्या बिया, अंड्यांची टरफलं, म्हणजे राजे-सरदारांचं नाही तर दुकानांवरच्या खोल्यांत राहणाऱ्या साध्या माणसांचं जेवण. आणि जुन्या किनाऱ्यावरचं पाणी काढायचं काम करताना ओल्या वाळूत हाऊस ऑफ टेलिफस रिलीफ या घराचं लाकडी छप्पर सापडलं, कोरलेल्या रंगीत लाकडासकट! निचऱ्याच्या कामाने छप्पर दिलं. हे काम बघितल्यावर कोणी मला सांगू नये की दुरुस्ती म्हणजे कंटाळवाणं काम.

तुमच्या पोम्पेईतसुद्धा २०१२ पासून १०५ मिलियन युरोचा मोठा प्रोजेक्ट झाला, तेव्हाचे संचालक मास्सिमो ओसान्ना यांच्या काळात भिंती सावरल्या, बंद घरं उघडली, २०२४ च्या नोव्हेंबरपासून रोज २० हजार लोकांची मर्यादा घातलीत, आणि संचालक त्सुख्ट्रिगेल यांच्या काळात खोदकामाची माहिती ऑनलाइन जर्नलमध्ये लगेच फुकट टाकताय, जे आधी पन्नास-पन्नास वर्षं होत नव्हतं. याबद्दल मनापासून आभार. एकच मागणं आहे, जसा नव्या खोलीचा व्हिडिओ टाकता तसाच पन्हळ बदलल्याचा टाका, चुन्याचा गिलावा कसा कालवतात तो टाका, एक भित्तिचित्र साफ करणारी बाई दिवसभरात किती सेंटिमीटर पुढे सरकते ते दाखवा, आणि त्यांची नावं लिहा. लोक बघतील. निदान आम्ही तरी बघू.

या कामाला पदवी लागतेच असंही नाही, लागतो धीर. स्टाबियेमध्ये, म्हणजे त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या तिसऱ्या गावी, लिबेरो दोर्सी नावाचे शाळेचे मुख्याध्यापक होते, त्यांनी १९५० मध्ये शाळेचा शिपाई आणि एका बेकार मेकॅनिकला बरोबर घेऊन विसरले गेलेले व्हिला पुन्हा शोधले. आज तिथल्या म्युझियमला त्यांचं नाव आहे.

आता मी मराठवाड्यातून हे सगळं का लिहितेय तर त्याला कारण आहे. ऑक्टोबर १९३८ मध्ये माइउरींच्या लोकांना पोम्पेईत व्हिया देल्ल'अबोंदान्झाच्या बाजूच्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली, वीतभर उंच, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. ती आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. आधी सगळे तिला लक्ष्मी म्हणत होते, मग यक्षी म्हणायला लागले, कोणी म्हणतं आरशाची मूठ, कोणी म्हणतं फर्निचरचा पाय. ती कुठे घडवली यावर अजून एकमत नाही, तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे म्हणून काही अभ्यासक वायव्येकडे बघतात, पण तिच्यासारख्याच ठेवणीच्या हस्तिदंती मूर्ती आमच्याकडे जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यात तेरला मिळाल्यात. भोकरदनला १९७० च्या दशकात मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी खोदकाम केलं होतं. तेर म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठणबरोबर त्याचं नाव येतं, तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचा. म्हणजे सातवाहनांच्या गावातून निघालेली एखादी वस्तू कोणाच्या तरी सामानात बसून व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी पोहोचली असेल, ही शक्यता खरीखुरी आहे.

आणि ती शक्यता आज आपण बोलू शकतो कारण त्या बाईला पत्ता आहे. रेजिओ १ (विभाग), इन्सुला ८ (घरांचा गट), दार ५. फिओरेल्लींनी शहराचे विभाग पाडून प्रत्येक दाराला नंबर दिले, माइउरींच्या लोकांनी कधी आणि कुठे सापडली ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला पक्कं माहिती आहे की ती ७९ सालच्या आधी इटलीत होती. हीच मूर्ती एखाद्या चोराच्या बोगद्यातून बाजारात गेली असती तर सुंदर भारतीय हस्तिदंत एवढंच राहिलं असतं, ना साल, ना घर, ना समुद्र. आमच्या भोकरदनच्या मूर्तीची तारीख ठरवतानासुद्धा अभ्यासक तुमच्या ७९ सालाकडे बघतात, इतका तुमच्या एका ओळीच्या नोंदीचा आम्हाला उपयोग आहे.

म्हणून शेवटची एक छोटी विनंती. म्युझियम तुमच्या हातात नाही हे माहिती आहे, पण ते घर तुमच्याच हद्दीत आहे. त्या पाच नंबरच्या दाराशी एक पाटी असावी ज्यात भोकरदन आणि तेर ही नावं असतील, कुठे सापडलेल्या मूर्तींशी तिचं साम्य आहे ते लिहिलेलं असेल, आणि वाद असेल तर वाद आहे हेही लिहिलेलं असेल. मजकूर तपासायला इकडच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना विचारा, आनंदाने मदत करतील. आणि त्या घराचं छप्पर, भिंती बघून घ्या आधी, पाटी नंतर लावली तरी चालेल.

तुमची,
मराठवाड्यातली एक वाचक